जमिनीपासून एक वीत

आमच्या घराला एक खिडकी आहे. जमिनीपासून एक वीत वर. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, बस, तेवढीच. घरात आलेला नवा माणूस आधी खिडकीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि मी जन्मभर गवंडीकाम केलं असं कळलं की गप्प बसतो. मनात काय म्हणतो ते मला कळतं. म्हणू दे. ही खिडकी चुकीची आहे, पण चुकून बांधलेली नाही. ती तशीच पाहिजे म्हणून एक माणूस माझ्या उरावर बसला होता.

मी चौथी शिकलो. लिहायची सवय नाही. आमची ही होती तोवर बोलायला माणूस होतं, आता वही आहे.

त्या माणसाला सगळं पौड गाव 'चाचा' म्हणायचं. पेठेत त्याचं स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं. सत्तरनंतरची सालं. वीज आली होती, पण यायची त्यापेक्षा जायची जास्त, म्हणून बत्त्यांना मरण नव्हतं. चाचा पन्नाशीचा, काडीसारखा, कानावर कायम स्टोव्हची पिन अडकवलेली. गिऱ्हाईक आलं की पिन काढायची, बर्नरमध्ये खुपसायची, स्टोव्ह फुरफुरला की तीच पिन घेऊन मागच्या खोलीत पळायचं. मागच्या खोलीत गाव होतं.

आख्खी पेठ. फळ्या जोडून त्यावर उभी केलेली. चावडी, शाळा, मारुतीचं देऊळ, मशीद, पिठाची गिरणी आणि एकूणएक घर. गणपतीत आमच्या मंडळाचा देखावा म्हणून ते गाव मांडवात यायचं. बाकीची मंडळं राक्षस हलवायची, कारंजी उडवायची. आमच्याकडे नुसतं आमचंच गाव. तरी कोळवण, रिहे, कुठनं कुठनं माणसं यायची आणि तास तास बघत उभी राहायची. मोहरमचा ताबूतही चाचाच बांधायचा. कामट्या आणि कागद हाताळता हाताळता हा नाद लागला, असं चाची सांगायची. सांगताना कपाळावर हात मारायची.

त्याचं माप सोपं होतं. एक हात म्हणजे चोवीस बोटं. खऱ्या घराचा एक हात, आपल्या घराचं एक बोट. टेप नाही, पट्टी नाही. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात टेकवत टेकवत तो कुणाच्याही घरात शिरायचा. विचारायचं वगैरे काही नाही. एकदा कुंभारणीचं आणि नवऱ्याचं जोरात जुंपलं होतं, भांडी उडत होती, आणि हा भिंतीला हात लावत मधनं चाललेला. म्हणाला, "भांडा, भांडा. फकस्त जरा चुलीकडं सरकून भांडा, मला हा कोपरा घ्यायचाय." दोघं सरकली. भांडण तिथंच विझलं, कारण दोघांनाही कोपरा किती भरला ते ऐकायचं होतं.

मला त्याने गिलाव्यासाठी धरलं. मी बावीस-तेवीसचा, थापी चांगली चालायची, आणि तोंडही. पहिल्या दिवशी मी वाळू कालवली तर त्याने चिमूट उचलून माझ्या डोळ्यासमोर धरली.

"हे काय हाय?"

"वाळू."

"तुझ्या घराला वाळू. ह्या घराला हे धोंडे हायेत धोंडे! सरपंचाच्या भिंतीला नारळ लावल्यागत दिसंल."

मग वाळू चाचीच्या जुन्या ओढणीतून गाळायची. दोनदा. गिलावा चमच्याने लावायचा, दात घासायच्या ब्रशाने फिरवायचा. एवढं करून भिंत गुळगुळीत झाली की शिव्या. "तुमच्या गावात येक तरी भिंत सरळ हाय का? मग माझ्या गावात कशी आली?" ज्या घराला जिथं तडा, तिथं पिनेने तडा. चुलीच्या बाजूला बत्तीची काजळी. म्हातारीच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या असायच्या, तर मसुराएवढ्या गोवऱ्या करून त्या प्रत्येकीवर पिनेने पाच बोटं उमटवायची. मी म्हटलं, "चाचा, कोण बघणार हाय पाच बोटं?" म्हणाला, "म्हातारी बघंल." म्हातारी आली, वाकली, आणि ओरडली, "अगं बया, ही माझीच की!" तिला चार दिवस कुणाशी बोलायला दुसरा विषय नव्हता.

भाद्रपदात आमच्याकडे पाऊस असा की माणूस वाळत नाही, तिथं गिलावा काय वाळणार. मग गावाच्या चारी बाजूंनी बत्त्या पेटवून ठेवायच्या. एकदा उंदराने शाळा खाल्ली. चिकटवायला कणकेची खळ होती ना, तिच्या वासाने आला आणि चौथीचा वर्ग आणि पडवी संपवून गेला. चाचा काठी घेऊन उठला, तर मंडळाची पोरं आडवी. "चाचा, गणपतीचं वाहन हाय, मारू नका." चाचा म्हणाला, "मग मालकाला सांगा, वाहन सांभाळा म्हणून." तेव्हापासून खळीत विषारी मोरचूद.

लोक मागे लागायचे. सरपंच आला, म्हणाला, "वरचा मजला पुढच्या साली व्हणारच हाय, आत्ताच चढवा." चाचा म्हणाला, "मग पुढच्या सालीच या." कुणाला पत्र्याच्या जागी कौलं हवी होती, कुणाला दारातलं गटार नको होतं. नाही म्हणजे नाही. दोन भावांचा बांधावरून वाद होता, ते कागद सोडून चाचाच्या फळीवर वाकून बोटं मोजायला लागले. चाचाच्या गावात आहे म्हणजे आहे, असंच झालं होतं. तो म्हणायचा, "मोठ्या घरात खोटं लपतं. ल्हान घरात लपाया जागाच न्हाई."

आता माझं सांगतो.

कोळवणला एका घराचा गिलावा करत होतो. त्या घरची मुलगी हंडा घेऊन येता-जाता थांबली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "कोपरा खाली आत गेलाय." मी म्हटलं, "गेला न्हाई." ती म्हणाली, "मग हंडा गेला असंल," आणि निघून गेली. मी ओळंबा लावला. कोपरा आत गेला होता. त्या दिवसापासून माझं जेवण गेलं.

सोयरिकीचा विषय निघाला. तिच्या बापाने मध्यस्थाला एकच सांगितलं: मुलगा कामाचा आहे, पण घर एका खणाचं, त्यात आई आणि दोन भाऊ. निराळी खोली असेल तर बोलू, नाहीतर मुलगी देणार नाही. खरं होतं ते. आमचं घर म्हणजे एक खण आणि पुढे पडवी, आणि चाचाच्या फळीवरही तेवढंच. वर निरोप, की शुक्रवारी गणपती बघायला पौडला येतोय, देखाव्यात तुमचं घर दाखवा म्हणजे कळेल.

माझी अक्कल बघा. घरी पुठ्ठ्याची एक खोली कापली. चाचाच्या डब्यातली कौलं चोरली, पेन्सिलीवर वळवून केलेली, नखाएवढी. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेला तशी रिकाम्या मांडवात सदऱ्याखालून खोली काढली, आमच्या घराला मागच्या बाजूने लावली, खिडकी कापली, गिलावा फासला. त्या घाईत दोन गोष्टी झाल्या. एक, मागची, रस्त्याकडची भिंत दाबताना ओल्या गिलाव्यात माझा अंगठा उमटला. दुसरी, खिडकी जमिनीपासून दोन हात वर पाहिजे, म्हणून मी दोन बोटं मोजली, पण मोजली फळीपासून. घराचं जोतं दीड बोट, ते विसरलोच. राहिलं अर्धं बोट, म्हणजे खऱ्या घरात एक वीत. गवंडी मी, आणि जोतं विसरलो!

चारला ते आले. बाप, त्याची बहीण आणि ती. मांडवात दोरीपलीकडे मी उभा. मंडळाचा कार्यकर्ता काठीने घरं दाखवत होता आणि आमच्या घरापाशी येऊन अडखळला, कारण खोली त्यानेही पहिल्यांदाच बघितली. तेवढ्यात चाचा आला. डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा धुतलेला. त्याने खोली बघितली. मग मला बघितलं. कानावरची पिन काढली आणि परत लावली.

बाप म्हणाला, "चाचा, मध्यस्थ म्हणत हुता येकच खण हाय. ही खोली कवाची?"

चाचा खोटं बोलत नाही हे कोळवणलाही माहीत होतं. माझं लग्न त्याच्या तोंडात होतं, आणि त्याच्या गावाची अब्रू माझ्या पुठ्ठ्यात.

चाचा म्हणाला, "माझ्या गावात हाय ती खऱ्या गावात हाय. दसऱ्याला या. उंबऱ्याच्या आत येऊन बगा."

ते गेले. चाचाने माझा कान धरला तो थेट दुकानापर्यंत सोडला नाही. "माझ्या तोंडातनं वदवलंस ना? आता दसऱ्यापत्तुर ते खरं करायचं. न्हाई झालं तर मी ही फळी मुळा नदीत सोडीन, आन वर तुला बसवीन."

विसर्जन झालं आणि आईने डोक्याला हात लावला. पितृपंधरवडा लागलेला. या दिवसांत नवं काम सुरू करत नाहीत, दगडाला दगड लावत नाहीत. पंधरा दिवस वाया गेले तर दसरा नऊ दिवसांवर. चाचा पडवीत बसून ऐकत होता.

"वैनी, पंधरवडा तुमचा. माझा काय संबंध?"

"म्हंजी?"

"म्हंजी पयला दगूड मी लावतो. सुरू मी केलं, तुमी नुसता हात लावा."

आई म्हणाली, "सुरू झालेलं काम थांबवाया न्हाई पायजे, ते बी अशुभच असतं." पितरांनी काही हरकत घेतली नाही. घेतली असती तर चाचाने त्यांचंही माप घेतलं असतं.

आणि मग मजा सुरू झाली. चाचाने जन्मात खरं घर बांधलं नव्हतं. फळीवरचं आमचं घर उचलून आणून त्याने अंगणात ओट्यावर ठेवलं आणि समोर बसला. बोट मोजायचा, हात सांगायचा. आजवर मोठ्याचं लहान केलं, आता लहानाचं मोठं. मंडळाची पोरं पडक्या गोठ्याचे दगड वाहत होती, मांडवाचे वासे छपराला आले. आख्खं गाव बघायला जमायचं. सरपंच म्हणाला, "चाचा, तसा माझाबी मजला आधी फळीवर चढवा की, म्हंजी खाली आपसूक व्हईल."

खिडकीची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "चाचा, ही चुकलीय, वर घेतो."

"न्हाई."

"अवो, येक वीत वर खिडकी? लोक हसतील!"

"त्या पोरीनं वाकून खिडकी बगितली. मी बगत हुतो. तिनं बगितली तीच पायजे. तू खोटं क्येलंस ते क्येलंस, आता त्यात आनी सुदारना नको."

एक वीत तर एक वीत.

पण खरा कहर अंगठ्याचा. मागच्या भिंतीवर गिलावा झाला, मी थापी धुतली, आणि चाचा म्हणाला, "अंगठा ऱ्हायला."

मला वाटलं चेष्टा. नाही. फळीवरच्या भिंतीत अंगठा आहे तर या भिंतीत पाहिजे. आणि चोवीसपट! सुपाहून मोठा. त्याने माझा अंगठा काजळीत बुडवून कागदावर उठवला, भिंग लावून बसला आणि त्याच्या एकेक रेघा ओल्या भिंतीवर बोटाने ओढत गेला. सकाळी सुरू केलं ते दुपार कलली तरी चाललेलं. मी चौथी शिकलेला, मला सही येते. तरी माझ्या घरावर माझा अंगठा, तो पण रस्त्यावरून दिसणारा. पोस्टमन सायकलवरून उतरला, बघितलं, आणि म्हणाला, "मनीऑर्डर आली तर आता दारात विचारायचं काम न्हाई."

गिलावा वाळेना. दसरा परवावर आलेला, भिंती थंडगार, हात लावला तर ओल. चाचाने दुकान रिकामं केलं. दुरुस्तीला आलेले सगळे स्टोव्ह आणि बत्त्या खोलीत पेटवल्या. असा आवाज की जणू एसटी घरात उभी. बायका शोधत आल्या. "चाचा, माझा स्टो?" "झाला, झाला. जरा तपासतोय." दोन दिवस सगळ्या पेठेचे स्टोव्ह आमच्याकडे तपासले जात होते आणि पेठ चुलीवर जेवत होती.

दसऱ्याला दुपारी बाप आणि आत्या आले. शेवटचा स्टोव्ह मागच्या दाराने बाहेर गेला आणि ते पुढच्या दाराने आत. खोली भट्टी झालेली. बापाने भिंतीवर बोटाची गाठ वाजवली. वाजली. वर बघितलं, कौलं होती. मग घाम पुसत म्हणाला, "खोली लईच उबदार हाय हो."

चाचा म्हणाला, "हिवाळ्यात कळंल गुण."

"आन ही खिडकी? कोंबड्यांसाठी केली का काय?"

खोलीत वारा फक्त तिथून येत होता. आत्या आधीच खाली बसली होती, पदराने वारा घेत. "दादा, हितं बस. लई गार हाय." बाप बसला. बसल्यावर त्याला बरं वाटलं. आता बसलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो, आईने दिला. चहा घेतलेल्या माणसाला लगेच उठता येत नाही. वाऱ्यावर डोळा लागल्यासारखं झालं. उठताना म्हणाला, "उभ्यानं कुटली खिडकी कामाची? माणूस घरात बसतंयच की." आणि तारीख विचारली. निघताना मागे फिरून अंगठा बघितला. "हे काय?" आई ताडकन म्हणाली, "नजर लागू नये म्हनून." बाप म्हणाला, "हे बगून कुनाची हिंमत व्हनार हाय?"

अंगठा दोन पावसाळ्यांत धुऊन गेला. लग्नात चाचाने ते फळीवरचं घर आम्हाला दिलं. दारापुढे एक नवा चपलांचा जोड ठेवला होता, भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा, अंगठ्याच्या पट्टीसकट. फळीवर आमच्या जागी त्याने दुसरं घर बांधलं, खोलीसकट, एका वितीच्या खिडकीसकट. पुढे गॅस आले, स्टोव्ह गेले, आणि चाचाही गेला. मयतीला मी होतो. खड्ड्याची माती सारखी केली तेव्हा मनात आलं, आता कान धरायला कोण आहे.

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी एका दुपारी आमची ही खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होती. मी खोटेपणाची सगळी गोष्ट तिला सांगितली. एवढी वर्षं पोटात होती. ती सूप न थांबवता म्हणाली, "मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"मांडवात मी वाकले ना, तवा त्या भिंतीला बोट लावलं. सगळं गाव वाळलेलं, आन येवढीच भिंत वली. बोट पांढरं झालं."

"मग? बापाला का न्हाई सांगितलं?"

"बोट पदराला पुसलं," म्हणाली, आणि खडा बाहेर टाकला.

एवढंच. जास्त बोलायची तिला सवय नव्हती. मी विचारलं, खोटं कळल्यावर पण कशी आलीस? तर म्हणाली, "त्या खोलीचा कोपरा सरळ हुता. मी सांगितल्यापासनं सुदारलेला दिसला."

जन्मभर ती त्या खिडकीपाशी बसली. तांदूळ, भाजी, शिवण, पोरांचे अभ्यास, सगळं तिथं. मी कधी बसलो नाही. गवंड्याला स्वतःची चूक रोज बघवत नाही. आणि एक गोष्ट मला कधी उमजली नाही. मी कामावरून यायची वेळ ठरलेली नसायची, कधी पाच, कधी सात. पण दारात पाय ठेवला की चहा उकळत असायचा. दारात उभं राहिलं तर बांधावरच्या मेंदीच्या कुंपणामुळे दहा पावलांपुढचं काही दिसत नाही. मी म्हणायचो, हिला वास येतो का काय माझा. ती म्हणायची, येतो.

ती गेली त्याला आता चौथा महिना. मुलगा म्हणतो, "आबा, ही खिडकी काढू, वर सरकती काचेची बसवू." मी म्हटलं बघू. मग परवा घरात कुणी नव्हतं तेव्हा भिंत धरत धरत, गुडघ्यांना शिव्या देत, तिच्या जागी खाली बसलो. बाहेर बघितलं.

मेंदीला वर पाला दाट, पण खाली नुसत्या काड्या. एका वितीच्या उंचीवरून त्या काड्यांमधून रस्ता पार पेठेच्या वळणापर्यंत दिसतो. माणसं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. वळणावरून येणारे, ओळखू येणारे पाय. माझे तर चुन्याने पांढरे असायचे.

किती वेळ बसलो कोण जाणे. उठायला गेलो तर उठता येईना. हसू आलं, मोठ्याने हसलो. सून बाहेरून धावत आली. "आबा, पडला की काय?"

"न्हाई गं. घर बगाया आलोय."

तिने उठवायला हात पुढे केला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "चहा ठेवू?"

"ठेव की," म्हटलं. "बसलोय म्हटल्यावर."